एक नंबरची काठी

तात्याराव : तीन नंबर? शांतलिंग, सगळ्या संचालक मंडळादेखत तू कारखान्याच्या चेअरमनच्या हातात तीन नंबरची काठी देणार?

शांतलिंग : चेअरमनसाहेब, तो नंबर मानाचा नसतो. काठीचा असतो.

तात्याराव : ग्रामपंचायतीपासून ह्या साखर कारखान्यापातुर म्या कधी तिसरा आलो का? एक नंबर काढ त्यातली.

शांतलिंग : ही घ्या. हिला ड्रायव्हर म्हणतात.

तात्याराव : ड्रायव्हर तर जीपमधी बिडी वढत बसलाय. एक नंबरच्या काठीला नाव ठिवून ठिवून हेच ठिवलं?

शांतलिंग : गोल्फमध्ये हेच नाव आहे. दांडा लांब, डोकं मोठं, तोंड सपाट. नीट बसली तर चेंडू फार लांब जातो, पण नवख्याच्या हातून उजवीकडं पळतो. ही तीन नंबरची फेअरवे वूड. दांडा आखूड, तोंड जरा आभाळाकडं. चेंडू कमी जातो, पण सरळ जातो. पुण्याच्या क्लबात मी हेच शिकलो.

तात्याराव : शिकलास म्हणून तर लेबर ऑफिसर असून तुला हितं उभा केलाय. दिल्लीचा साहेब कागदाचं सगळं खेळताना ठरवतोय, असं तूच म्हणलास. म्हणून तर दुष्काळी कामात हा माळ सपाट करून घेतला. आता वाढीव गाळपाचा परवाना मिळाल्याबिगर त्याला सोडायचा न्हाय.

शांतलिंग : पण औंदा आहे त्याच गाळपाला ऊस नाही. वाढीव कशासाठी, असं साहेबांनी विचारलं तर?

तात्याराव : ऊस पाऊस पडला की येतोय. परवाना काय पाऊस पडून येत न्हाय.

शांतलिंग : बरं, निदान उजवीकडं बघा. तिथं बाया खडी फोडतायत. हा चेंडू दगडासारखा लागतो.

तात्याराव : मग त्यास्नी सरकव की पलीकडं. ही बघ, मुकादमीण आपल्या पायानंच आली. का वं विठाबाई, काम सोडून हिकडं?

विठाबाई : जयभीम, तात्याराव. टँकर आला म्हणून आले. वाटलं बायांसाठी आला. तर त्यो थेट त्या झेंड्याकडं गेला.

तात्याराव : झेंड्याभवती गवत हाय. चेंडू तितल्याच भोकात घालायचा असतोय. गवत वाळलं तर साहेब काय म्हणंल?

विठाबाई : सारा माळ करपलाय आन् खळ्याएवढं गवत हिरवंगार. आमच्या वस्तीची हीर आटली. बाया फुफाट्यात खडी फोडायल्यात, नरड्याला वलावा न्हाय. एक टँकर द्या.

तात्याराव : उद्या देतो.

विठाबाई : तुमी कारखान्याचं शेअर गोळा करत हिंडत हुतात, तवा भर चावडीम्होरं आमच्या घरचं पाणी मागून प्यालात. आमी उद्या या म्हणलो न्हाय.

तात्याराव : आज इज्जतीचा सवाल हाय, विठाबाई. गुमान बसा.

विठाबाई : बसतोच. हातोडं खाली ठिवून बसतो.

(विठाबाई बायांकडं परतते. मोटारीचा हॉर्न. साहेब मैदानावर येतात. तात्याराव आणि शांतलिंग थोडे लांब, हळू आवाजात.)

शांतलिंग : पहिला मान साहेबांचा. बघा, त्यांनी तीन नंबर काढली.

तात्याराव : दिल्लीच्या माणसानं?

शांतलिंग : म्हणाले, जमीन खडखडीत वाळलीय, चेंडू पडला की आपोआप घरंगळेल. सरळ जाणं महत्त्वाचं. मारला... गेला बघा, अगदी झेंड्याच्या अलीकडं.

तात्याराव : लई घोटाळा झाला. आता म्या एक नंबर घेतली तर साहेबाच्या वर बसल्यागत दिसंल. तीन घेतली तर बरोबरीला आल्यागत. पाच नंबर हाय का?

शांतलिंग : तीनच घ्या हो. त्यांना काही वाटणार नाही.

तात्याराव : त्यास्नी न्हाय वाटंल. पण ह्या डायरेक्टर लोकास्नी? चेअरमन तिसऱ्या नंबरावर आला, असा सांच्याला मुरूम गावच्या बाजारात बोभाटा हुईल. दे, ड्रायव्हर दे.

शांतलिंग : थांबा, बायांना हाक तरी मारतो.

तात्याराव : सरक बाजूला! ...आरं, काय गेला! टाळ्या वाजवायल्यात बघ.

शांतलिंग : टाळ्या मंडळ वाजवतंय. चेंडू उजवीकडं गेला. बाया उठून उभ्या राहिल्यात. एक खालीच आहे.

तात्याराव : कोण हाय?

शांतलिंग : जाईबाई वाटतेय. विठाबाई चेंडू घेऊन इकडंच निघालीय. साहेब विचारतायत, ही बाई कशाला येतेय?

तात्याराव : सांग, स्वागताला येतीय.

विठाबाई : ह्यो घ्या तुमचा चेंडू. जाईच्या नडगीवर बसला. शांतलिंगसाहेब, सांगा ह्या दिल्लीच्या साहेबास्नी काय झालं ते.

शांतलिंग : सांगितलं.

विठाबाई : काय सांगितलं? त्यो हात जोडून हसायलाय. नडगीला लागलं म्हणल्यावर कुणी हसतंय व्हय? व्हा बाजूला. निजामाच्या राज्यात वाढलेय, येवढं येतंय मला. साबजी, पानी! औरतां कू पीने कू पानी नै, सारा पानी वो घास में जारा!

तात्याराव : मेलो.

शांतलिंग : साहेब झेंड्याकडं चाललेत. वाकून गवताला हात लावतायत.

तात्याराव : काय म्हणायलेत?

शांतलिंग : म्हणतायत, बाईचं बरोबर आहे.

तात्याराव : गेला परवाना.

शांतलिंग : गवताला पाणी फार झालंय म्हणे. खाली चिखल आहे, चेंडू घरंगळत नाही. आत्ताच्या आत्ता पाणी तोडा म्हणतायत. आणि खेळाची इतकी जाण असलेली बाई ह्या आडरानात भेटली, याचं त्यांना फार कौतुक वाटतंय.

तात्याराव : आन् परवाना?

शांतलिंग : पुढच्या खेपेला बोलू म्हणाले. गवत सुकल्यावर.

तात्याराव : आन् जाईबाईचं?

शांतलिंग : तिचं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नव्हतं.

तात्याराव : ...टँकर वस्तीवर न्यायला सांग. साहेबाचा हुकूम हाय म्हणावं.

विठाबाई : तुमचा न्हाय?

तात्याराव : माझा बी समजा. विठाबाई, पाय कसा हाय तिचा?

विठाबाई : टरारून सुजलाय. गार पाण्याची पट्टी ठिवा, म्हणत हुत्या बाया.

तात्याराव : मग ठिवायची हुती की.

विठाबाई : आता ठिवू.