चार नंबरचं वय

जिज्ञासा: अठरा स्लाइड. सहा उंदीर, प्रत्येकाचं यकृत, मेंदू आणि मूत्रपिंड. पंधरा स्वच्छ आहेत, देऊकाका. चार नंबरच्या तिन्हींत पिवळे कण चमकतायत.

देऊ: तं मना कशाला बोलावला, ताई? मी उंदरांना दाणापाणी घालनारा. तुझ्या दुर्बिणीतला मना काय कळतंय?

जिज्ञासा: रंग न घालताही बघितलं मी. तरी चमकतात. असे कण म्हाताऱ्या पेशींत साचतात. आणि कार्डावर वय आठ आठवडे. अक्षर तुमचं.

देऊ: पंखा लाव जरा.

जिज्ञासा: इथे एसी आहे, काका.

देऊ: ...कार्डावरची ती आठ आठवडे वयाची, ती गाभण व्हती. आली तवाच. पोट हाताला लागला. आमच्या पाड्यावर सशाच्या मागं गेले आन् गाभण निघाली, तं सोडून देतात. तिला तुझ्या टेबलावर कशी ठेवू?

जिज्ञासा: मग कोणाला ठेवलंत?

देऊ: एकोणीस नंबरच्या पिंजऱ्यातली म्हातारी. बावीस महिन्यांची. कार्ड बदलला.

जिज्ञासा: मला सांगायचं ना! दुसरी घेतली असती.

देऊ: मागं एकदा अशीच गाभण निघाली, तवा मोठ्या हरेशसायबाला सांगितला व्हता. म्हनले, तू काय उंदरांची आई हायेस?

जिज्ञासा: त्यांनाच उद्या रिपोर्ट द्यायचाय. आठ महिने या एका जीनमागे आहे मी.

देऊ: करतो तरी काय तो?

जिज्ञासा: नक्की काय, ते अजून माहीत नाही. पण सगळ्या पेशींत रोज चालू असतो. घरात कोणी येवो-जावो, झाडणं आणि पाणी भरणं थांबत नाही, तसं. म्हणून हाउसकीपिंग जीन म्हणायचं. त्याचं प्रथिन पेशीत कुठे असतं, ते शोधतेय. पाच तरुण उंदरांत केंद्रकात दिसलं.

देऊ: आन् म्हातारीत?

जिज्ञासा: कणांच्या चमकीत काही दिसेना. 'स्लाइड खराब' असं लिहिलं की झालं. कोणी विचारणार नाही.

देऊ: आन् खरा लिवलास तं?

जिज्ञासा: कार्ड कोणी बदललं, ते विचारतील. तुमचं कंत्राट मार्चला संपतंय.

देऊ: चार वेळा व्याली ती माझ्यासमोर. पिंजरा उघडला का बोटावर चढायची. खराब नको लिवू तिला.

जिज्ञासा: काका, नोकरी जाईल.

देऊ: ते माझा मी बघीन. बारवी धरणाकडं माझा भात हाये. तू तिचा वय लिव.

जिज्ञासा: बसा मग. एका काळ्या रंगाने ही चमक झाकता येते. पाऊण तास लागेल.

(पाऊण तासाने. जिज्ञासा सूक्ष्मदर्शकावर वाकून मोजते आहे. देऊ बसलेला नाही, दारापाशीच उभा आहे.)

देऊ: काय लिवलास?

जिज्ञासा: 'उंदीर क्रमांक चार. मादी. वय बावीस महिने. कार्ड बदललेलं. कारण, ठरलेली मादी गाभण.'

देऊ: नाव?

जिज्ञासा: दोन्ही. कार्ड बदललं, देऊ. वजन करून वय न पडताळताच घेतली, जिज्ञासा.

देऊ: आन् तिच्यात? हाये का ते?

जिज्ञासा: यकृताच्या दोनशे पेशी मोजल्या. एकशे त्र्याण्णवांत आहे. केंद्रकात.

देऊ: तरण्यांत किती व्हता?

जिज्ञासा: सरासरी, एकशे चौऱ्याण्णव.