कळ सोड, वैजू

सोमवारचं मौन धरलेल्या अनसाबाई शिरूरहून दौंडला निघालेल्या एसटीत जप करत बसल्या होत्या. पुढच्या बाकावर कोंडिबा आबा आणि त्यांची मेकॅनिकल डिप्लोमा शिकणारी नात वैजयंता. आज तिची तोंडी परीक्षा होती, तीही दुसऱ्यांदा.

"आबा, आज गेली तर वर्ष गेलं."

"मागच्या खेपेला काय चुकलीस?"

"सरांनी विचारलं, या डिझेल इंजिनाचा स्पार्क प्लग दाखव. मी घाईत भलतंच बोट ठेवलं. सगळी हसली."

"आगं, आपल्या विहिरीवरच्या इंजनाला प्लग हाय व्हय?"

"न्हाई."

"मंग पेटतं कशानं?"

"दाबानं. पिस्टन हवा दाबतो, हवा तापती, तवा डिझेल आत उडतं आन् आपसूक पेटतं."

"आन् हँडल मारताना मी वरची कळ का उचलतो?"

"व्हॉल्व्ह उघडा राहतो. दाब निघून जातो, हँडल हलकं फिरतं."

"कळ तशीच धरून ठिवली तर?"

"नुसतं फिरंल. पेटायचं न्हाई."

"तुझं त्येच झालं. येत हुतं सगळं, पर भ्यालीस. वेग आला की कळ सोडायची, पोरी."

कॉलेजच्या फाट्यावर वैजयंता उतरली. आबा खिडकीतून ओरडले, "वैजू, कळ सोड!"

"सोडली, आबा! आता धूर बघा!"

बस हलली. आबांनी मागं वळून विचारलं, "व्हईल ना हो पास, बाई?"

अनसाबाईंनी माळ मांडीवर ठेवली. एका हातानं हवेत जोरात हँडल फिरवलं आणि दुसऱ्या हातानं कळ खाली सोडली.