उतारू : एक

(इंग्लंडमधलं कडलो गाव. साठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनात आता लंडनचे निवृत्त दंतवैद्य लोमॅक्स राहतात. फलाटावरच्या बाकावर एके काळचा हमाल क्लेम बसला आहे. समोर हातात कागद घेऊन हेस्टर पास्क उभी आहे. शेवटच्या स्टेशनमास्तरांची मुलगी.)

हेस्टर : सही कर म्हणते ना! चारला रंगारी येतोय पाटी रंगवायला.

क्लेम : चष्मा विसरलो.

हेस्टर : नाकावर आहे तुझ्या.

क्लेम : हा लांबचा.

लोमॅक्स : मी वाचतो. 'स्टेशनमास्तर ह्यूबर्ट पास्क यांनी हे स्टेशन वाचवण्यासाठी अखेरपर्यंत झुंज दिली.' खाली साक्ष म्हणून तुमचं नाव. त्या काळातले तुम्ही एकटेच उरलात, क्लेम.

क्लेम : त्यात माझं कर्तृत्व काही नाही, डॉक्टर. बाकीचे आपणहून मेले.

हेस्टर : क्लेम!

क्लेम : 'झुंज' खोडा, मग करतो सही.

हेस्टर : का खोडायची? बाबांनी लंडनला पत्रं नव्हती पाठवली? चौतीस पत्रं मी या हातांनी पेटीत टाकलीत.

क्लेम : वाचलंस एखादं?

हेस्टर : आमच्या घरात दुसऱ्याची पत्रं वाचत नसत.

क्लेम : मला वाचून दाखवायचे ते, व्याकरण बरोबर आहे का म्हणून. मला! गाडी परत सुरू करा असं एकाही पत्रात नव्हतं. फलाटावरचा नळ तोडू नका, एवढंच. फुलांना पाणी कुठून घालणार?

लोमॅक्स : चहा टाकू का?

क्लेम : टाका. तुमच्या दारूच्या बाटल्या जिथे आहेत तिथे बायकांचा संडास होता, माहीत आहे ना?

लोमॅक्स : दर खेपेला सांगता तुम्ही.

हेस्टर : चहा नको. क्लेम, गावातली माणसं साठ वर्षं मला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. पास्कने स्टेशन घालवलं. दुकानात म्हणतात, चर्चच्या दारात म्हणतात. पंचायतीच्या पायऱ्या चार वर्षं झिजवल्या मी या पाटीसाठी, ती त्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून. आणि तू, बाबांच्या हाताखालचा माणूस, असा बोलतोस?

क्लेम : साठ वर्षांत मी दारूच्या गुत्त्यात कधी एक शब्द काढला?

हेस्टर : म्हणजे काढण्यासारखं काही आहे?

क्लेम : डॉक्टर, टाकाच तो चहा.

हेस्टर : डॉक्टर कुठे जात नाहीत. बोल.

क्लेम : बासष्टचा जून. लंडनहून कागद आला, आठवडाभर उतारू मोजा. किती चढले, किती उतरले. कमी भरले की स्टेशनला कुलूप. आणि नेमका त्याच आठवड्यात सुंदर स्टेशनाच्या स्पर्धेचा परीक्षक यायचा होता.

लोमॅक्स : स्वयंपाकघरात ढाली टांगल्यात, त्याच स्पर्धेच्या?

क्लेम : त्याच. पाच वर्षं ओळीने पहिला नंबर. सहावा हवा होता. जिरेनियमच्या कुंड्या दोरी धरून लावलेल्या, फलाट घासून धुतलेला. त्यावर पाय कोण ठेवणार? सोमवारी ग्रिम्सांकडची आठ माणसं लग्नाला निघाली. पास्कसाहेबांनी फाटकातच अडवली. म्हणाले, बार्नीहून चढा, दोन मैल तर आहे. नवरीची आई टोपी सांभाळत चालत गेली, आणि काय काय बोलत गेली ते मी हेस्टरसमोर सांगणार नाही.

हेस्टर : मी त्र्याहत्तरची आहे.

क्लेम : तरी नाही सांगणार.

लोमॅक्स : आणि मग आकडा?

क्लेम : मोजायचं काम माझं. शनिवारपर्यंत एक भरला.

लोमॅक्स : एकच? तो कोण?

क्लेम : परीक्षक. सकाळच्या गाडीने उतरला, पहिला नंबर देऊन गेला. जाताना साहेबांनी त्यालाही फलाटावर येऊ दिलं नाही. पाद्रीबाबांच्या मोटारीतून धाडला. नाहीतर दोन झाले असते.

हेस्टर : हसू नका, डॉक्टर.

लोमॅक्स : नाही, नाही. खोकला आला.

हेस्टर : तुला जास्त लिहिता आलं असतं, क्लेम. बार्नीवाल्यांनी तर मेंढ्यासुद्धा मोजल्या म्हणतात.

क्लेम : मेंढ्या मोजल्या, म्हणून त्यांचं स्टेशन चार वर्षं जास्त टिकलं. मी विचारलं ना साहेबांना. म्हटलं, साहेब, चाळीस लिहू? कुणाला कळतंय? पांढरेफटक पडले. म्हणाले, माझ्या स्टेशनातून खोटा आकडा जाणार नाही. लेखणी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लिहिलं. एक. खाली रेघसुद्धा पट्टीने मारली.

हेस्टर : पट्टीने?

क्लेम : मग ती खिशात टाकून कुंड्यांना पाणी घालायला गेले.

हेस्टर : ती पट्टी अजून आहे माझ्याकडे.

लोमॅक्स : हेस्टरबाई, तुमची हरकत नसेल तर दुसऱ्या कुणाची सही घेता येईल. हल्लीचे पाद्रीबाबा देतील. त्यांना काही ठाऊक नाही.

हेस्टर : रंगारी यायला किती वेळ आहे?

लोमॅक्स : अजून पाऊण तास आहे.

हेस्टर : मग खोडा. सगळंच. आणि लिहा : ह्यूबर्ट पास्क, स्टेशनमास्तर. सुंदर स्टेशनाच्या स्पर्धेत ओळीने सहा वेळा पहिला क्रमांक. शेवटच्या मोजणीत उतारू एक.

लोमॅक्स : पाटीवर? लोक हसतील हो.

हेस्टर : साठ वर्षं हसतायत. निदान बरोबर गोष्टीला हसतील. आणि पुढे लिहा, आकडा खरा आहे.

क्लेम : आण तो कागद.

हेस्टर : चष्मा लांबचा ना?

क्लेम : सहीपुरतं दिसतं. ही घे. आता उभी का? पाय दुखतील.

हेस्टर : या बाकावर मी कधी बसले नाही, क्लेम. 'रंग ओला आहे' अशी पाटी होती इथे.

क्लेम : अकरा वर्षं होती, पोरी. रंग एकदाच दिला होता.

हेस्टर : बाबा म्हणायचे, उद्या वाळेल.

क्लेम : मलाही तेच सांगायचे.

हेस्टर : सरक जरा. वाळला असेल आता.