मेथुलीची फांदी

(मादुबेचं अंगण. ऊन उतरलेलं. तिचा धाकटा दीर फानुएल स्टुलावर बसलाय. कुंपणाला शेळी बांधलेली.)

फानुएल : आणि आत्म्याला सीमा नसते, वहिनी. पास्टरनेही तेच सांगितलं.

मादुबे : असते. तिथे खिडकी आहे, रांग आहे. तुम्हीच सांगितलंत.

फानुएल : मी माझ्या रांगेचं बोलत होतो.

मादुबे : माझा मेथुली त्याच रांगेत उभा आहे. पहाटे स्वप्नात परत दिसला. एका पायात बूट. म्हणाला, आई, पुढचे सरकतात, मीच सरकत नाही.

फानुएल : अपघातात एक बूट सापडला नव्हता. ते तुमच्या मनात राहिलंय.

मादुबे : ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

फानुएल : ...कोणीतरी बोललं असेल. हे बघा, मी काही कमी केलं का? आपल्या कुंपणातली उम्फाफाची काटेरी फांदी नेली, मेलेला जिच्यावर बसून घरी येतो ती. सीमेपलीकडे जिथे त्याची टॅक्सी उलटली, तिथे टेकवली, नावाने हाक मारली. येताना बसमध्ये त्याचं वेगळं तिकीट काढलं, खिडकीची जागा दिली. पूल आला की सांगायचो, पोरा, पूल आला. शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली.

मादुबे : आणि सीमेवर?

फानुएल : तो साहेब म्हणाला, बाहेरची झाडं आत आणता येत नाहीत, कीड असते. म्हटलं, हे झाड नाही, माझा पुतण्या आहे. तर म्हणाला, मग त्याचे कागद दाखवा.

मादुबे : आणि तुम्ही दिलीत फांदी.

फानुएल : मागचे लोक ओरडत होते. अलीकडे येताच रस्त्याकडेची दुसरी तोडली, त्याला समजावलं, आता हिच्यावर ये. घरी शेळीने पानं खाल्ली, सगळ्यांनी पाहिलं. शेळीने खाल्लं म्हणजे पोर घरी आलं.

मादुबे : या शेळीने पास्टरची टोपीही खाल्ली. तो झाला का घरचा?

फानुएल : जेवायला तर रोज असतो.

मादुबे : थट्टा नको, भावजी. तुमचे भाऊ गेले, त्यांना आणलं, तेव्हापासून मला या घरात कधी एकटं वाटलं नाही. मेथुलीसाठी बिअर ठेवते, ती तशीच आंबते. कुत्रा मान वर करत नाही. त्याची खोली नुसती खोली आहे.

फानुएल : मग चुकलं काय माझं?

मादुबे : सीमेच्या फाटकातून आणलंत.

फानुएल : मग कुठून आणणार?

मादुबे : तो कधी फाटकातून गेला? इतकी वर्षं नदीतून गेला, नदीतून आला, कपडे डोक्यावर बांधून. कागद म्हणून कधी काढला नाही. गणवेश दिसला की दगडासारखा गप्प व्हायचा. त्याला नेऊन तुम्ही साहेबाच्या टेबलावर ठेवलंत.

फानुएल : हे डोक्यात आलं नाही.

मादुबे : पुन्हा जा. तो अडलाय तिथे नवी फांदी टेकवा, आणि नदीने आणा.

फानुएल : नदीत मगरी आहेत, वहिनी.

मादुबे : मेलेल्याला मगर काय करणार?

फानुएल : मी अजून जिवंत आहे. शिवाय ओढ असते पाण्याला. मी वाहून गेलो तर मला आणायला कोण येईल? तुम्ही?

मादुबे : येईन.

फानुएल : ...बरं. पाणी उतरलं की बघू.

मादुबे : यंदा पाऊसच झाला नाही, भावजी. नदीत नुसती वाळू आहे. बायका पलीकडून डोक्यावर पिठाची पोती घेऊन चालत येतात.