गळणारा सांधा

—थांबवलंत ना काम? झालं समाधान? नाही, छानच केलंत मॅडम. सुरक्षा अधिकारी म्हणून पहिलाच आठवडा आणि नुसता हात वर करून तेलाची अख्खी विहीर थांबवलीत. बसू या आता सगळे सावलीत, गप्पा मारू. टाकीत कालवलेलं सिमेंट तोवर मजेत घट्ट होईल. विहिरीत उतरायच्या आधीच दगड! आणि कशासाठी? पाइपाच्या सांध्यातून पाणी ठिबकतंय म्हणून. थेंब हो, थेंब! घरी नळ गळला की गल्ली रिकामी करता का? — आहे, लाइनमध्ये प्रेशर आहे. प्रेशरचीच चाचणी चाललीय, त्यात प्रेशर नाही तर काय असणार? हा आपला पैलवान सांध्याच्या नटावर हातोड्याचे दोन घाव घालतो, नट घट्ट बसतो, काम सुरू. तुमच्या पद्धतीनं प्रेशर सोडा, सांधा आवळा, पुन्हा चाचणी घ्या — तोवर सिमेंट गेलंच की! — चाचणीआधी कालवलंच का? ते... वेळ वाचेल म्हणून सांगितलं मी. कालवायचं नसतं, ठाऊक आहे. मला नका शिकवू.

आणि पैलवान घाबरत नाही. विचारा की त्याला. — काय म्हणाला? "मामा म्हणतील तसं." बघा! — हो, मामाच. सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे. मग? उलट घरचा आहे म्हणून तर त्याला सांगता येतं. परक्यांना सांगायला जा, लगेच का-कू करतात, बायकामुलं आठवतात त्यांना... म्हणजे, आळशी असतात हो लोक.

मी ना? मी इथे, ट्रकच्या मागे उभा राहतो. सांधा सुटला तर पाइप कुठे फिरेल सांगता येत— सुटत नाही हो! सवय आहे आपली एक. इथून दिसतंही छान.

हे काय? हातोडा माझ्या हातात कशाला? मी मारू? अहो, मारला असता, त्यात काय मोठं... गुडघा दुखतोय माझा. आणि कुणीतरी लक्ष ठेवायला नको का लांबून...

...

पैलवान! ये इकडे. ये म्हणतो ना! तसा नको, पाइपाला लांबून वळसा घालून ये. — ए पंपवाल्या, प्रेशर सोड. सगळं. काटा शून्यावर येईपर्यंत कुणी हलायचं नाही. — सिमेंट? ओतून टाका कुठेही, मला काय विचारता!

आणि तुम्ही मॅडम, हा धरा तुमचा हातोडा. निघा आता. तोंडाकडे काय बघताय माझ्या?