शेवग्याचा पाला आणि पारूमावशींचा बर्फ

हसा लेको, माझ्यात आता रागवायचंही त्राण नाही. बोकडाचं वीर्य फ्रिजमध्ये जास्त दिवस टिकावं म्हणून मी त्यात शेवग्याच्या पाल्याचा अर्क घालून बघतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कितीतरी खेपा फुकट गेल्या आणि परवा कुठे जमलं. तिसऱ्या दिवशीही शुक्राणू मस्त पळत होते. नेमकी तेव्हाच दाभोळची लाईट गेली.

माझ्या जनावरांच्या दवाखान्यामागच्या पारूमावशी मासळी विकतात, त्यांच्याकडे मोठी बर्फाची पेटी. वीर्याच्या नळ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "मावशी, शेवग्याच्या पाल्यानं टिकवलेला माल आहे, बंद डबाच ठेवा. नुसता गार राहू दे, गोठता कामा नये."

सकाळी गेलो तर डबा रिकामा आणि नळ्या बर्फात पुरलेल्या, आतलं पार गोठलेलं.

"डब्यातनं काय गार होतंय? बाहेर काढल्या. वरून मीठ पण मारलं, सुरमईला मारते तसं."

दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकही हलेना. तसाच परत गेलो. "मावशी, सगळे मेले ओ!"

त्यांनी नळी उघडून नाकाला लावली.

"वास मारतो काय? नाय ना? मग ताजं आहे. आणि डॉक्टर, टिकलं ते माझ्या बर्फानं. उगाच पाल्याचं नाव सांगू नका."