शेवटचं टेबल

मुलगी: लागला! बाबा, बघा ना, टीव्ही लागला!

बाई: लागायचाय अजून. आत्ता नुसता आवाज आलाय. चित्रनळी तापायला वेळ घेते. म्हातारा सेट आहे, उठल्याउठल्या तोंड दाखवत नाही.

मुलगी: म्हणजे अगदी आमच्या बाबांसारखा.

साहेब: मी साडेपाचला उठतो.

मुलगी: उठता हो, पण चहा पोटात जाईपर्यंत बोलता कुठे?

बाई: हं, आलं बघा चित्र.

मुलगी: अय्या! बाबा, लाल बघा कसला आलाय! घरी शेवटी शेवटी सगळ्यांची तोंडं हिरवी दिसायची. आई म्हणायची, बातम्या देणाऱ्याला मळमळतंय.

बाई: आत लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे येतात. त्यातला लाल दमला होता. तिघांना एकावर एक नीट बसवण्यातच माझे चार दिवस गेले.

साहेब: कोपऱ्यात बघ. रेघ कुठे फाटलेली नाही. मधलं कोणीही जमवतो, कोपरे जमत नाहीत. कुठे शिकलात हे काम?

बाई: कारखान्यात.

मुलगी: अहो, हा सेट बाबांच्याच कारखान्यातला आहे! प्रॉडक्शनचे प्रमुख होते ते. ऐंशीवा वाढदिवस आहे ना, म्हणून तर दोन महिन्यांपूर्वी गुपचूप तुमच्याकडे आणून टाकला. विचारलं तर म्हटलं, माळ्यावर ठेवलाय.

बाई: कुणाचा सेट आहे ते कळलं मला.

मुलगी: मी बोलले होते का तेव्हा?

बाई: नाही. झाकण उघडल्यावर कळलं.

मुलगी: कमाल आहे! बाई गं, तो हॉर्न आपल्यासाठीच वाजतोय वाटतं. गाडी आडवी लावलीय मी. वळवून दाराशीच आणते. बाबा, तुम्ही त्या स्टुलावर बसा, आणि कुठल्याही वायरीला हात लावायचा नाही.

साहेब: चाळीस वर्षं वायरींतच काढली मी.

मुलगी: म्हणूनच सांगतेय!

बाई: बसा साहेब. त्यावरची पकड सरकवा बाजूला.

साहेब: झाकण उघडल्यावर कळलं म्हणजे काय?

बाई: आतल्या चॅसीवर, पत्र्याच्या सांगाड्यावर, सतरा नंबरचा शिक्का आहे. शेवटच्या टेबलावरचा. सेट पास झाला की शेवटच्या टेबलावरची मुलगी तो मारायची.

साहेब: अच्छा. मग?

बाई: सतरा नंबर मी.

साहेब: असं होय! म्हणजे आमच्याच कारखान्यातल्या तुम्ही. वा. माफ करा हं, पण त्या हॉलमध्ये साठएक बायका होत्या. इतक्या वर्षांनी चेहरे काही आठवत नाहीत.

बाई: आग आठवते?

साहेब: कसली आग?

बाई: साहेब.

साहेब: हां, ती. गिऱ्हाइकाच्या घरी. फार जुनी गोष्ट झाली.

बाई: बेचाळीस वर्षं. सेट पेटला, सेटवरनं पडदा पेटला. म्हातारी घरात एकटी होती, ती हातांनी विझवायला गेली.

साहेब: कंपनीने तिचा सगळा औषधपाण्याचा भार उचलला होता.

बाई: मी गेले होते तिच्याकडे. पट्ट्या सुटल्यावर. बेल वाजवली तर बराच वेळ कडी सरकल्याचा आवाज येत राहिला. दार उघडलं तेव्हा कळलं, ती कोपरानं कडी काढत होती.

साहेब: हे आज कशाला काढायचं? त्या प्रकरणाची रीतसर चौकशी झाली होती.

बाई: झाली होती. पेटलेल्या सेटवर माझा शिक्का होता, मीच तर उभी होते त्यात. सेट आठ तास चालवायचा आणि मग शिक्का मारायचा, हा नियम. त्या महिन्यात तुम्ही माझ्या टेबलाशी आलात आणि म्हणालात, "दोन तास बास झाले. बाहेर गाड्या उभ्या आहेत." चौकशीत म्हणालात, मी असं बोललोच नाही.

साहेब: लेखी काही नव्हतं.

बाई: नव्हतंच. लेखी एकच कागद निघाला, माझ्या नावाचा. "निष्काळजीपणामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे."

साहेब: तो निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. आणि खरं सांगू का, दोष तुमचाही नव्हता आणि माझाही. नव्या सप्लायरने कपॅसिटर रद्दड दिले. दोन तास ठीक चालायचे, चार तासांनी तापायला लागायचे. हे आम्हाला नंतर कळलं.

बाई: नंतर म्हणजे केव्हा?

साहेब: आगीनंतर. आधी कुणालाच कल्पना नव्हती.

बाई: हा कागद बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता.

साहेब: चष्मा गाडीत राहिलाय माझा.

बाई: मी वाचते. स्टोअरकीपरचं अक्षर आहे, त्याचा "र" असाच पडका असायचा. "साहेबांच्या घरचा सेट. नवे तपकिरी कपॅसिटर काढून जुन्यातले निळे लावणे. साहेबांचा निरोप." खाली तारीख. तो पेटलेला सेट ज्या मालात होता, तो माल कारखान्यातनं बाहेर पडला, त्याच्या चार दिवस आधीची.

साहेब: त्यानं परस्पर केलं असेल. मला खूश करायला.

बाई: तुमचा निरोप म्हणून लिहून?

साहेब: हाताखालची माणसं काहीही लिहितात.

बाई: मी दिवा धरून आत बघितलं. चारही निळे. बेचाळीस वर्षं झाली, एकही फुगलेला नाही. बाकी सगळं बदलावं लागलं मला ह्या सेटमधलं, ते चार सोडून.

साहेब: ती चार वर्षांची होती तेव्हा.

बाई: कोण?

साहेब: आत्ता गाडी आणायला गेली ती. पडद्याला नाक लावून बसायची. कितीदा उचलून मागे बसवलं तरी पुन्हा सरकत सरकत पुढे.

बाई: म्हणजे माहीत होतं तुम्हाला.

साहेब: शंका होती. शंका येणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. नुसत्या शंकेवर माल अडवला असता तर कारखान्याला टाळं लागलं असतं. चारशे माणसं होती. चारशे घरं.

बाई: मग त्या चारशेतली एक काढलीत.

साहेब: तुम्ही तरुण होता. दुसरीकडे कुठेही मिळाली असती नोकरी.

बाई: ते पत्र घेऊन? तीन ठिकाणी गेले. तिसऱ्या ठिकाणी फाटकावरच्या माणसानं पत्र वाचलं आणि माझ्या हातांकडे बघितलं. आमच्या गल्लीत तर बारसंच झालं माझं. आगवाली. पोरं माझ्या घरावरनं जाताना घंटा वाजवायची, बंबाची.

साहेब: हे मला ठाऊक नव्हतं.

बाई: माझा दादा तुमच्याच डिस्पॅचला होता. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं तुमचं "दोन तास बास". चौकशीत म्हणाला, मी त्या दिवशी हॉलमध्ये नव्हतोच. घरी येऊन जेवायला बसला. मी वाढलं. त्यानंतर आमच्यात बोलणं नाही. आई गेली तेव्हा तो तिच्या उशाशी, मी पायाशी. पाहुणे येऊन दोघांना वेगवेगळं विचारायचे, कधी नेताय म्हणून.

साहेब: भाऊ आहे का अजून?

बाई: गेला. तीन वर्षं झाली. त्याच्या मुलानं कळवलं, दुसऱ्या दिवशी.

साहेब: वाईट वाटतं ऐकून.

बाई: त्याहून वाईट सांगू? मला स्वतःलाच पटलं होतं, माझं चुकलं म्हणून. शिक्का माझ्याच हातानं मारलाय ना? तुम्ही म्हणालात म्हणून मी मारला, पण मारला. कपॅसिटर वाईट होते आणि ते कुणाला माहीतच नव्हतं, तर मग उरतं काय? माझे दोन तासच उरतात. मी आठ तास चालवला असता तर ती म्हातारी हातानं कडी काढत असती. हे घेऊन जगले मी, साहेब. अडतीसच्या वयात भंगारातनं एक पेटी उचलून आणली आणि घरात दुरुस्त करत बसले, का माहितीये? तो सेट मी चालू करून समोर बसले. आठ तास. मग दुसरा आणला. लोकांना वाटतं मला जुन्या सेटांचं वेड आहे.

साहेब: तरी हा पूर्ण केलात तुम्ही. कुणाचा आहे ते कळल्यावरसुद्धा.

बाई: अर्धवट काम सोडायची मला सवय नाही. पत्रात काहीही लिहिलेलं असो.

साहेब: तुम्हाला काय हवंय माझ्याकडून?

बाई: एक वाक्य. "दोन तास चालवायला मी सांगितलं होतं." तुमची मुलगी आली की तिच्यासमोर म्हणा. कपॅसिटरचं नका सांगू, चिठ्ठीचं नका सांगू. एवढंच म्हणा.

साहेब: तिच्यासमोर कशाला? तिचा काय संबंध?

बाई: दुसरं कुणी उरलंय का? चौकशी करणारे गेले, दादा गेला, ती म्हातारी तर कधीच गेली. कुणीतरी ऐकायला नको?

साहेब: अहो, ऐंशी वर्षांचा आहे मी. आता मला तीच एक आहे. ती माझ्याकडे जशी बघते ना... ते तेवढं राहू द्या.

बाई: मी पासष्टची आहे.

साहेब: तो कागद मला द्या.

बाई: घ्या.

साहेब: खरंच देताय?

बाई: तुमच्या सेटमधला आहे, तुमचाच. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं.

(साहेब चिठ्ठीची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.)

मुलगी: बाप रे, केवढी ही गल्ली! दोनदा मागेपुढे करावी लागली. घोंगडी आणलीय मी, सेट तिच्यात गुंडाळू. काय, जमल्या का गप्पा?

बाई: साहेब काहीतरी सांगणार होते तुम्हाला.

मुलगी: काय हो बाबा?

साहेब: काही नाही गं. ह्या आमच्याच कारखान्यात होत्या.

मुलगी: काय सांगता! खरंच? आणि ओळखलंत तुम्ही? बाबांना आजकाल शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत हो!

साहेब: न ओळखायला काय झालं? शेवटच्या टेबलावर बसायची ही. डावखुरी. बाकी सगळ्यांचे दिवे डावीकडून होते, त्यामुळे हिच्याच हाताची सावली हिच्या कामावर पडायची. एक दिवस मीच इलेक्ट्रिशियनला बोलावून हिचा दिवा उजवीकडे लावून घेतला. डोकं वरसुद्धा न काढता "थँक्यू सर" म्हणाली होतीस, आठवतं? त्या हॉलमध्ये हिच्याइतकं नेटकं काम एकीचंही नव्हतं.

मुलगी: ऐकलंत? इतक्या वर्षांनी दिव्यासकट आठवतंय त्यांना! मग एवढं चांगलं चाललेलं काम सोडलंत का हो तुम्ही?

बाई: ते बाबांना विचारा. त्यांना सगळं आठवतं.